दोन सीटची लाल परी

स्वप्नातली स्पोर्ट्‌स कार अचानक बजेटमध्ये आली तर? उडी मारण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. ही इतकी स्वस्त का?

शनिवारची सकाळ. अमरावतीचा राजकमल चौक. हातात गरमागरम गिला वडा आणि नाकासमोर दादाचा मोबाइल. "बघ!"

फोटोत एक गाडी होती. लालभडक. दोन दारं, दोन सीट, जमिनीला टेकायला आलेलं पोट. जर्मन कंपनीची, २०१२ सालची, ५८ हजार किलोमीटर चाललेली. नवी असताना चाळीस लाखांच्या पुढची. आता किंमत? फक्त अकरा लाख! आणि पत्ता? अकोला!

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. बँकेत ऑफिसर, वय तिशीला टेकलेलं, घरचे मुली 'पाहून राहिले'. सहा वर्षांच्या पगारातून त्यानं बारा लाख जमवलेत. कागदोपत्री फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी. मनातून या फोटोसाठी.

"घरी सांगू नको," तो म्हणाला. "आधी पाहून तर येऊ."

आम्ही एकच शहाणपणाचं काम केलं. बडनेरा रोडवरच्या मिस्त्रीकाकांना सोबत घेतलं. आमच्या घरच्या गाड्या वीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जातात. फोटो पाहून काका एवढंच म्हणाले, "गाडी झकास हाय. पण हे लाल परी बंद पडली का मंग त्या लाल परीनं घरी या लागते, भाऊ." लाल परी म्हणजे आपली एसटी. आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

रस्ता एक नंबर, पण...

अमरावती ते अकोला म्हणजे शंभरेक किलोमीटर. हा हायवे एकेकाळी खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढे समृद्धी महामार्गही आला, कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेला. म्हणजे आता 'वऱ्हाडात स्पोर्ट्‌स कार चालवणार कुठे?' हा प्रश्न राहिला नाही.

प्रश्न वेगळा आहे. ती बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? मोठ्या जर्मन कंपन्यांची वर्कशॉप गाठायची तर नागपूर. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. पुण्या-मुंबईत अशा गाड्यांवर हात बसलेले स्वतंत्र गॅरेजवाले शोधले की सापडतात. आपल्याकडे तोच बिघाड म्हणजे आधी टोइंगचं बिल, मग सुट्या भागांची वाट, मग ऑफिसातून सुट्टी. तीच गाडी, तोच बिघाड, पण पत्ता बदलला की रिस्क बदलते.

दादा मात्र सचिनवर घसरला होता. सेकंडहँड स्पोर्ट्‌स कारचा विषय निघाला की मराठी माणूस तिथे पोचतोच! सचिन तेंडुलकरनं २००२ मध्ये ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. किल्ली दिली साक्षात मायकेल शूमाकरनं. मग आयात शुल्काच्या माफीवरून वाद पेटला. शुल्काचा आकडा एक कोटीच्या वर होता आणि शेवटी ते फियाटनं भरलं. २०११ मध्ये सचिननं ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

"सचिननंसुद्धा विकली ना?" मी म्हणाले. "आणि भेट मिळालेल्या गाडीचंही बिल येतंच, दादा. कुणीतरी भरतं, एवढंच."

बोनेट गरम होतं

गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत बंगला, पोर्चमध्ये ती. खरं सांगते, फोटोपेक्षा देखणी होती. मालक आमच्याच वयाचा, बोलायला गोड. वडिलांची डाळमिल. चहा आला, पोहे आले.

काकांनी चहा घेण्याआधी तळहात बोनेटवर ठेवला. गरम! आम्ही येण्याआधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलं होतं. काका शांतपणे म्हणाले, "अर्धा-पाऊण तास थांबू. थंडी होऊ द्या." थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं, ते गरम झाल्यावर लपवतं. टाइमिंग चेनची खडखड, सायलेन्सरमधून निळसर धूर, अडखळणारं आयडलिंग... हे सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं.

मग टायर. टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे होतं २३१७. म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर! नक्षी छान शिल्लक होती, पण रबर दगड झालं होतं. अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. त्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायरच नाही, तर होजपाइप, कूलंटच्या टाकीचं प्लास्टिक, दारांची रबरं, सगळंच आतून म्हातारं होतं. किलोमीटर कमी म्हणजे गाडी तरुण, असं नसतं राव!

शेवटी चक्कर. सरळ रस्त्यावर गाडी अशी झेपावली की दादाच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाचा आनंद! पण वळवायला म्हणून रिव्हर्स टाकला आणि एक हलका धक्का बसला. ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुन्हा तेच. मालक म्हणाला, "स्पोर्ट्‌स कार आहे, असं होतंच." काकांनी स्कॅनर लावला. गिअरबॉक्सचा जुना एरर कोड नुकताच पुसलेला दिसत होता.

"सर्व्हिसची बिलं?" काकांनी विचारलं.

पहिल्या चार वर्षांची होती. नंतरची नव्हती.

बाजार येडा नसतो

परतताना मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो. दादानं नॅपकिनवर हिशेब मांडला. नागपूर आणि पुण्यात मिळून तीन ठिकाणी फोन लावला होता. गिअरबॉक्सचं काम निघालंच तर सव्वादोन लाखांपर्यंतचा आकडा सांगितला गेला.

गाडी ११ लाख. चार टायर ७० हजार. विमा आणि नावावर करण्याचा खर्च धरून ५० हजार. गिअरबॉक्स २ लाख २५ हजार. एकूण १४ लाख ४५ हजार. दादाकडे बारा.

"पण गिअरबॉक्स जाईलच असं थोडंच आहे?" तो म्हणाला. "काका, चान्स किती?"

काकांनी बोटं दाखवली. चारात एक.

दादा शेवटी बँकवाला. लगेच म्हणाला, "मग सव्वादोन लाखांचा चौथा हिस्सा धर. छप्पन हजार. एवढी रिस्क तर चालते!"

इथेच आपल्यासारखे शिकलेले लोक फसतात, बॉस! सरासरी कामाची असते ती ज्याच्याकडे वीस गाड्या आहेत त्या डीलरला. पाच बिघडतात, पंधरा चालतात, हिशेब जमतो. आपल्याकडे असते एकच गाडी. आपल्याला छप्पन हजारांचं बिल कधीच येणार नाही. येईल तर सव्वादोन लाखांचं, नाहीतर शून्य. म्हणून 'बिघडेल का?' यापेक्षा 'बिघडली तर मी त्याच आठवड्यात, कर्ज न काढता, पैसे भरू शकतो का?' हा प्रश्न महत्त्वाचा. उत्तर 'नाही' असेल, तर ती गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही. मग तिची किंमत काहीही असो.

आणि चाळीस लाखांची गाडी अकरावर येते ती काय कुणाच्या मेहेरबानीनं? बाजारानं ती रिस्क आधीच कापून घेतलेली असते. हे जगभर चालतं. पोर्शच्या १९९७ नंतरच्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत आयएमएस नावाचं एक छोटंसं बेअरिंग बदनाम झालं. ते गेलं की अख्खं इंजिनच धोक्यात. तिकडे त्या गाड्यांचा भाव कित्येक वर्षं या बेअरिंगच्या भीतीनं पडलेला होता आणि ते बदलल्याचं बिल असलेल्या गाडीला लोक आनंदानं जास्त मोजायचे. थोडक्यात फंडा असा, की जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये आपण गाडी विकत घेत नाही, तिची फाइल विकत घेतो.

मग स्वप्न पाहायचंच नाही?

पाहायचं की! फक्त पायरी ओळखायची.

पहिली पायरी, ओळखीच्या घरातल्या चपळ गाड्या. मारुतीची बलेनो आरएस (२०१७ ते २०२०) किंवा ह्युंदाईची आय२० एन लाइन (२०२१ पासून). दोन्हीत एक लिटरचं टर्बो इंजिन. बरेचसे सुटे भाग साध्या भावंडांचेच, त्यामुळे आपल्याच गावात काम होतं.

दुसरी पायरी, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय किंवा फियाटची अबार्थ पुंटो. मजा दुप्पट, पण घरचा अभ्यासही दुप्पट. पोलोच्या सात गिअरच्या डीएसजीचा इतिहास वाचून घ्या. याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी कंपनीनं २०१३ मध्ये जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. आणि फियाटनं तर भारतातला गाशाच गुंडाळलाय, तेव्हा आधी सुटे भाग कुठे मिळतात ते पाहा, मग गाडी.

तिसरी पायरी, खऱ्या दोन सीटच्या सुंदऱ्या. इथे किमतीच्या चौथा हिस्सा रक्कम वेगळी बाजूला असेल आणि रोज ऑफिसला जायला दुसरं वाहन असेल, तरच पाय ठेवा.

सौदा करण्याआधी

● गाडी थंड असतानाच सुरू करून पाहा. 'आम्ही येईपर्यंत चालू करू नका' असं आधीच सांगा.

● स्वतःचा मिस्त्री आणि स्कॅनर सोबत न्या. मालकाचा मिस्त्री चालणार नाही.

● पूर आलेल्या शहरातली गाडी असेल तर सीटखालचा गालिचा उचला, बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. गाळ लपत नाही.

● दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे जुन्या गाड्यांच्या वयावर वर्षानुवर्षं निर्बंध आले. पण एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई वितळते.

● पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि फिटनेस. एप्रिल २०२२ पासून कारसाठी या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली.

● जुनी गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली आहे का, ते मॅन्युअलमध्ये पाहा. नसेल तर इंधनाचे पाइप आणि सील तपासा.

● फॉर्म २९ आणि ३० लगेच भरा. कर्ज असेल तर फॉर्म ३५. नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो. विकणाऱ्यांसाठीही एक सांगते. कागदोपत्री नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

आणि दादाचं काय झालं?

मालक दहा लाखांवर आला. मग साडेनऊवर. भाव जितका उतरत गेला, तितका दादा गप्प होत गेला. शेवटी त्यानं नकार कळवला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

चार महिन्यांनी त्यानं एमएच २७ पासिंगची, मॅन्युअल गिअरची, टर्बो हॅचबॅक घेतली. अमरावतीच्याच एका सरांची. सरांनी पंक्चरची पावतीसुद्धा जपून ठेवली होती! बाजारभावापेक्षा वीस हजार जास्त गेले, पण काकांनी 'घेऊन टाक' म्हटलं. दोन लाखांची एफडी वेगळी ठेवलीये. तिचं नाव त्यानं ठेवलंय 'गाडीचा दवाखाना'. उरलेले पैसे अजून फ्लॅटसाठी शिल्लक आहेत. काकूला आता सगळं सांगून झालंय.

लाल परी विकली गेली म्हणे, यवतमाळच्या कुणाला तरी. त्यानं गिअरबॉक्सचे पैसे वेगळे काढून ठेवले असतील, तर तो नक्की मजेत असेल. आमच्यापेक्षा जास्तच.

परवा दादाच्या मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते. तो लाल फोटो अजून तिथेच आहे.

मी डिलीट नाही केला. फोटोला सर्व्हिसिंग लागत नाही.