पेटीतला जीव आणि सौंसरचं ऊन

नागपूरहून सावनेर ओलांडून मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळचं जामसांवली गाठायला पाऊणशे किलोमीटरही लागत नाहीत. पण नागपुरातला पाळीव इग्वाना किंवा बॉल पायथन तिथल्या नव्या मालकाकडे न्यायचा असेल, तर एवढ्या अंतरातही तो दगावू शकतो. 23 मे 2013 रोजी नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. सौंसर-पांढुर्ण्याचं ऊन याच पट्ट्यातलं.

सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगाचं तापमान भोवतालावर ठरतं. मोकळा असला की तो तापल्यावर सावलीत सरकतो. पेटीत त्याला सरकायला जागाच नसते. लोक गुदमरण्याच्या भीतीने भोकांवर भोकं पाडतात, पण निवांत पडलेल्या सापाला हवा फार कमी लागते. घात होतो तो उष्म्याने, आणि तोही बहुधा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किंवा बसच्या डिकीत.

पण पेटी बांधण्याआधी कायदा. घोरपड, अजगर, धामण, मांडूळ, स्टार कासव हे आपल्याकडचे जीव कुणालाच पाळता किंवा पाठवता येत नाहीत. इग्वाना, बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांसाठी सुधारित वन्यजीव कायदा 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. 2024 च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. इथे मध्ये राज्याची सीमा आहे, म्हणून दोन्हीकडच्या वनखात्याशी बोलून कागद आधी पुरे करावेत.

आता बांधणी. सापाला आठवडाभर आधीपासून खायला देऊ नये. पोटात भक्ष्य असेल तर धक्क्यांनी तो ते ओकतो. पिशवी जुन्या, धुतलेल्या सुती कापडाची घ्यावी आणि उलटी करून शिवण बाहेर ठेवावी, कारण आत सुटलेला धागा इग्वानाच्या बोटाभोवती आवळला की रक्त थांबतं. प्राणी तळाशी गेल्याची हाताने खात्री करून वरचं कापड पिळावं, दुमडावं आणि मगच गाठ मारावी. एका पिशवीत एकच जीव. पाणकासव पाण्यात कधीच पाठवू नये. हेलकाव्यांत ते बुडू शकतं. त्याला ओलसर फडकं पुरतं.

ही पिशवी थर्माकोलच्या पेटीत, भोवती चुरगाळलेला कागद, पेटीवर ‘जिवंत प्राणी’ अशी ठळक चिठ्ठी. उन्हाळ्यात बर्फाची थैली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी, प्राण्याला चिकटवून नाही. डिसेंबरच्या थंडीत उष्णतेची पुडी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, ती पुडी पेटीतला प्राणवायू खाते. तेव्हा मात्र भोकं हवीतच.

माझं स्पष्ट मत असं, की एवढ्या जवळच्या प्रवासाला पार्सल करूच नये. मालकाने स्वतः पहाटे निघावं आणि मंगळवार-शनिवार टाळावेत; जामसांवलीच्या हनुमान मंदिराच्या गर्दीत गाडी अडकली तर सगळी तयारी वाया जाते.

घरी पोचल्यावर शांत खोलीत पिशवी सोडावी, आधी पाणी ठेवावं, हात साबणाने धुवावेत, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. आठवडाभर त्याला हाताळू नये. बॉल पायथनने उंदीर नाकारला तरी जबरदस्ती नको. जागा बदलली की धडधाकट सापही काही आठवडे उपाशी राहतो. वजन मात्र मोजत राहावं, ते उतरू लागलं तर पशुवैद्य गाठावा.