पिवळा दिवा पेटला? आधी त्याचं म्हणणं ऐका!

वडखळ नाक्याच्या पुढे, डोलवीच्या दिशेने गाडी ट्रेलरच्या रांगेत अडकलीय. मागे हॉर्न वाजतायत आणि तेवढ्यात मीटरवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. घरी आल्यावर बाबा म्हणतात, 'गेले पाच हजार!' ओळखीचा सीन आहे ना? पण दोस्तांनो, घाबरण्याआधी तो दिवा नेमकं काय सांगतोय ते वाचता येतं. आणि बऱ्याचदा दुरुस्ती घराच्या अंगणातसुद्धा होते.

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ चारचाकींना ओबीडी-२ ही यंत्रणा आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि धुरावरची नजर आणखी कडक झाली. म्हणजे घरची गाडी दहा वर्षं जुनी असली, तरी ती बहुतेक स्वतःची तक्रार नोंदवून ठेवते. स्टेअरिंगच्या खाली डॅशबोर्डला १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला, मोबाईलवर अॅप उघडलं, की कोड दिसतो. तो लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा.

कोड ही तक्रार, निकाल नाही

समजा कोड आला पी०३४०. याचा अर्थ कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. कोणत्या सिलिंडरची पाळी आहे, हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळायला या सेन्सरची मदत होते. तो बिघडला की गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, कधी चालता चालता बंद पडते. महामार्गावर मागे भरलेला ट्रेलर असताना असं झालं तर? म्हणून 'चालतेय तोवर चालू दे' हे धोरण इथे नको.

पण कोडमधला 'सर्किट' हा शब्द नीट वाचा. त्यात सेन्सर आला, वायर आली आणि कपलरही आला. आपली खाडीकाठची दमट, खारी हवा तांब्या-पितळेला सोडत नाही. कपलर काढून बघा, पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर मुक्कामाला येतात, कुरतडलेली वायर शोधा. मल्टिमीटर असेल तर चावी ऑन करून सप्लायच्या पिनवर व्होल्टेज तपासा. गाडीनुसार ते ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास असतं. शून्य आलं तर सेन्सर बिचारा उपाशी आहे. नवा आणला तरी तोही उपाशीच राहणार! एवढं तपासून सगळं ठीक निघालं, तरच सेन्सरवर संशय घ्या.

आता पाना हातात घ्या

नवा सेन्सर घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा. 'सेमच आहे, बसेल' यावर जाऊ नका, आणि फारच स्वस्त मिळाला तर डुप्लिकेट असण्याची शक्यता धरा.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. कपलरचं लॉक दाबून तो हळूच ओढा. वायर धरून ओढू नका. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर एकाच बोल्टवर असतो आणि दहा नंबरचा गोटी पाना पुरतो. बोल्ट निघाला की सेन्सर हलका फिरवत वर घ्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर तुकडा आत पडायची भीती. नव्याच्या रबरी रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावा आणि सरळ बसवा. बोल्ट बेताचाच आवळा. खाली अॅल्युमिनियम असतं, आटे गेले तर काही मिनिटांचं काम मोठ्या खर्चाचं होतं.

मग कपलर 'टक' आवाज येईपर्यंत दाबा, बॅटरी जोडा, कोड पुसा आणि आधी गावातल्या गावात चक्कर मारा. दोन-चार दिवसांनी पुन्हा स्कॅन करा. तोच कोड परत आला, तर पुढचा शोध गॅरेजमध्येच.

इथे मात्र हात आवरा

दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल धुराड्यात जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकतं, आणि तो भाग भलताच महाग. गाडी कडेला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद. सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर उष्णतेने आणि गंजाने घट्ट बसलेला असतो, तोही पहिल्याच प्रयत्नात नको. गाडी वॉरंटीत असेल तर थेट कंपनीचं सर्व्हिस सेंटर.

हे सगळं मेकॅनिकचं पोट मारण्यासाठी नाही. चांगल्या मेकॅनिकचं डोकं आणि कान अॅपमध्ये येत नाहीत. पण घरची गाडी भाड्याने फिरत असेल, तर एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. अशा वेळी कॉलेजात जाणाऱ्या पोराने किंवा पोरीने कोड वाचून दाखवणं ही घराला खरी मदत आहे. गॅरेजमध्ये गेलात तरी 'काहीतरी आवाज येतोय' याऐवजी 'पी०३४० आलाय, वायर आणि सप्लाय तपासलाय' असं सांगा. मग कामाची बोलणी तिथूनच पुढे सुरू होतील.

या रविवारी दिवा लागायची वाट बघू नका. स्टेअरिंगखाली वाका आणि ते १६ पिनांचं सॉकेट शोधून ठेवा.