वाळवंटातली प्लेगची पिसू

प्लेग म्हटलं की आपल्याला १८९६ची मुंबई आठवते, घरात पटापट मरून पडणारे उंदीर आठवतात. पण प्लेगच्या जिवाणूचं एक हक्काचं घर कझाकस्तानच्या वाळवंटात आहे. तिथे मोठे जर्बिल, म्हणजे उंदराच्याच जातकुळीतले प्राणी, कुटुंबकबिल्यासह बिळं करून राहतात. ही बिळं उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसतात! जर्बिलांच्या अंगावरच्या पिसवांमध्ये हा जिवाणू, ‘यर्सिनिया पेस्टिस’, मुक्काम ठोकतो.

आणि करतो काय, बघा. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जिवाणूंचा चिकट थर साचतो, बाटलीला बूच बसावं तसा. प्यालेलं रक्त पुढे जातच नाही. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि अडलेलं रक्त जिवाणूंसकट चाव्याच्या जखमेत परत उतरतं. रोगप्रसाराची इतकी अचाट यंत्रणा मला तरी दुसरी माहीत नाही.

बरेच जर्बिल या संसर्गातून वाचतात. त्यांची वस्ती ठरावीक मर्यादेपलीकडे दाट झाली, की साधारण दोन वर्षांनी त्यांच्यात प्लेग उसळतो, हे २००४मध्ये संशोधकांनी दाखवलं. तेही सोव्हिएत काळापासून चिकाटीने ठेवलेल्या नोंदींच्या आधारे.

माणसाचा प्लेग आज प्रतिजैविकांनी बरा होतो, फक्त उपचार लवकर सुरू व्हायला हवेत.