काळ्या घोड्याचे गुपित

लग्नाची वरात निघाली की नवरदेवाला घेऊन चालणारा घोडा बहुधा पांढरा असतो. पण दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे शौकिनांची नजर काळ्याभोर जनावरांवरही खिळते. असा काळा रंग येतो कुठून?

मुख्यतः दोन जनुकांतून. पहिले एमसी१आर. त्याची चालू प्रत एक जरी असली तरी केसांत काळे रंगद्रव्य तयार होते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर घोडा तांबूस, म्हणजे सुरंग होतो. हा बिघाड १९९६ साली शोधला गेला. दुसरे जनुक एएसआयपी. ते काळेपणाला आयाळ, शेपूट आणि पायांपुरते रोखते; असा घोडा कुमैत दिसतो. त्याच्या दोन्ही प्रतींमध्ये डीएनएची ११ अक्षरे गळालेली असली, तर ही रोख उठते आणि अंगभर काळे पसरते.

म्हणून सुरंग आई-बापांना काळे शिंगरू होत नाही. उलट काळ्या जोडीला सुरंग शिंगरू होऊ शकते. दोन कुमैतांच्या पोटीही काळे शिंगरू येऊ शकते, कारण झाकलेले जनुक पिढीआड उघडे पडते.

खरेदीदाराने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कडक उन्हात काळे केस विटून तपकिरी दिसतात. आणि पांढरे पडण्याचे जनुक असेल, तर जन्मतः काळे शिंगरूही वयानुसार पांढरे होत जाते. जनुकचाचणीने दोन्ही शंका फिटतात.