पडद्यावरची बंदूक आणि परवान्यावरची बंदूक

लेथवर नळी फिरतेय, ठिणग्या उडताहेत आणि गिऱ्हाईक शुक्रवारी येणार म्हणून मालक कामगारांवर खेकसतोय. शेवटची पाच मिनिटं मोकळ्या माळावर धडाधड गोळ्या, मग सगळे एकमेकांच्या पाठी थोपटतात. अमेरिकेतल्या ‘सन्स ऑफ गन्स’ आणि ‘अमेरिकन गन्स’ या मालिका डिस्कव्हरी वाहिनीवर 2011 मध्ये सुरू झाल्या आणि बंद होऊनही दहाएक वर्षं झाली. त्यांचे तुकडे मात्र मोबाइलवर अजून फिरतात. ते बघून नांदेड-लातूरकडच्या पोरांच्या डोक्यात बंदुकीविषयी बऱ्याच चुकीच्या गोष्टी पक्क्या बसल्या आहेत. यातल्या काही चुकांची किंमत थेट तुरुंगात मोजावी लागते, म्हणून त्या वेळीच निस्तरलेल्या बऱ्या.

पहिला समज असा की, बंदुकांचे शौकीन हे कार्यक्रम डोक्यावर घेऊन नाचले असणार. त्यांनी ते बघितले हे खरं, पण सगळ्यांत कडक टीकाही त्यांच्यातूनच झाली. मुदतीची घाई बनावट, दुकानातली भांडणं ओढूनताणून आणलेली, हत्यार हाताळतानाची शिस्त ढिली आणि खरं काम कापून टाकलेलं, असं जाणकार नेमबाज आणि बंदूक-कारागीर सांगत राहिले. खऱ्या दुकानातला बहुतेक वेळ घासणं, मोजणं, पुन्हा घासणं आणि पुन्हा मोजणं यात जातो, आणि त्यात कॅमेऱ्यासाठी काही नसतं. निदान लेथ आणि मिलिंगचं काम घराघरांत पोचलं, म्हणून बाजू घेणारेही होते. मला टीकाकारांचं म्हणणं पटतं, कारण या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या कार्यक्रमांनी दाखवलीच नाही. ती म्हणजे तपासणी.

गिऱ्हाइकाच्या मापाची बंदूक आठवड्यात होत नाही. लंडनची पर्डी ही पेढी 1814 पासून हे काम करते. तिथे बंदूक हातात पडायला साधारण दोन वर्षं लागतात. खांदा, मान आणि डोळा यांची मापं घेऊन अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता त्या एका माणसासाठी कोरला जातो. बंदूक खांद्याला लावल्यावर डोळा आपोआप नळीच्या रेषेत आला पाहिजे, मान वाकवावी लागता कामा नये. मापाची बंदूक म्हणजे इतकंच. तिच्यातून गोळी जास्त जोरात सुटत नाही.

‘कस्टम म्हणजे जास्त ताकदवान’ हा समज खोडायला परदेशी जायची गरज नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात .22 ची रायफल चालते, म्हणजे ताकदीच्या हिशेबात अगदी किरकोळ काडतूस. त्या रायफलीचं वेगळेपण आहे ते गाल टेकायच्या पट्टीत, खांद्याला लागणाऱ्या मागच्या तुकड्यात आणि हाताच्या आधारात. हे भाग मिलिमीटरने पुढे-मागे, वर-खाली होतात. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा असतो, आणि प्रत्येक वेळी अंग वेगळं बसतं. कारागिरी लागते ती इथे.

चापाचंही तसंच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्यात चाप ओढायला किमान 1000 ग्रॅम जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे. सामन्याआधी पंच पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, चापाला 1000 ग्रॅमचं वजन लावतात आणि अलगद उचलतात. वजन उचललं जाण्याआधीच चाप सुटला तर ते पिस्तूल बाद. कारागिराला चाप हलका करायचा असतो, पण 1000 ग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. आजही तेवढाच, उद्याही तेवढाच आणि हजाराव्या गोळीलाही तेवढाच. ही पाच मिनिटं कोणी टीव्हीवर दाखवली असती तर मला फार आवडलं असतं.

‘अमेरिकेत काय, कुणीही मशिनगन घेतो’ हेही तितकंच चूक. तिथला कायदा आपल्यापेक्षा फार सैल आहे, यात शंका नाही. बऱ्याच राज्यांत स्वतःच्या वापरापुरती साधी बंदूक परवान्याशिवाय घरी बनवता येते. पण मशिनगन आणि सायलेन्सर यांच्यावर तिथे 1934 पासून नोंदणीचा वेगळा कायदा आहे, आणि 19 मे 1986 नंतर बनलेली मशिनगन सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. पडद्यावर दिसतात ते विशेष परवाना असलेले व्यावसायिक. आणि परवाना नसला की काय होतं, ते ‘अमेरिकन गन्स’च्याच नायकाने दाखवून दिलं. कोलोरॅडोतल्या दुकानाचा मालक रिच वायट याने 2012 मध्ये आपला परवाना सोडला, पण विक्री चालूच ठेवली. 2017 मध्ये तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या दुकानाचं कौतुक जगभर दाखवलं, त्याचा शेवट हा. मोबाइलवरच्या तुकड्यांत तो येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. एमआयडीसीत लेथवर हात बसलेला पोरगा म्हणतो, ‘बनवणं राहू द्या, मित्राच्या वडिलांच्या बंदुकीचा बिघडलेला घोडा तर दुरुस्त करून देऊ शकतो ना?’ नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, तिच्यात बदल करणं या सगळ्याला स्वतंत्र परवाना लागतो. मित्राच्या वडिलांकडे बंदूक बाळगायचा परवाना आहे, तो दुरुस्तीचा नव्हे. नळी आखूड करणं किंवा खेळण्यातल्या पिस्तुलाचं खरं पिस्तूल करणं हे कलम 6 मध्ये येतं. बंदुकीवरचा क्रमांक घासणं हाही गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली. परवान्याशिवाय बंदूक बनवली किंवा दुरुस्त केली तर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नुसती बाळगली तरी किमान दोन वर्षं. परवानाधारकालाही आता तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. निवडणूक लागली की बहुतेकांना ती बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, हे गावातल्या कुठल्याही परवानाधारकाला विचारा.

तलवारीचं वेगळं काय असणार, असंही वाटतं. ‘फोर्ज्ड इन फायर’सारख्या पाती घडवण्याच्या स्पर्धा बघून ही हौस वाढली आहे. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेलं, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतं. वाढदिवसाला तलवारीने केक कापला आणि व्हिडिओ टाकला की दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल, ही बातमी मराठवाड्यात आता नेहमीची झाली आहे. पोरगं नोकरीच्या चारित्र्य पडताळणीला जातं तेव्हा घरच्यांना त्याची किंमत कळते.

इथे कुणीतरी नांदेडचं उदाहरण देतंच. ‘हजूर साहिबला तर सगळे शस्त्र घेऊन फिरतात, त्यांना चालतं?’ हा प्रश्न अज्ञानातून येतो, आणि त्याचं उत्तर आदराने द्यायला हवं. शिखांनी कृपाण धारण करणं हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला गोदावरीकाठी देह ठेवून गेले. हजूर साहिबची, म्हणजे सचखंड गुरुद्वाराची, आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. आत जतन केलेल्या शस्त्रांमध्ये सोन्याच्या तलवारी, धनुष्यं, बाण, रत्नजडित ढाल आणि एक तोड्याची बंदूकही आहे. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानाला गोदावरीचं पाणी घागरींनी आणून ही शस्त्रं स्वच्छ करतात. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत शस्त्रं निघतात ती मर्यादेने, परंपरेने. त्यावरून नांदेडात कुणालाही बंदूक मोकळी आहे असं समजणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे नांदेडलाही लागू आहे.

याच परंपरेतला एक समाज आहे, सिकलीगर शिखांचा. गुरूंच्या फौजेसाठी शस्त्रं घडवणारे आणि त्यांना धार-पाणी करणारे म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते. गावठी कट्ट्याची बातमी आली की बोट लगेच त्यांच्याकडे जातं. कट्टे बनवताना काही जण पकडले गेले हे खरं. पण सुऱ्या, कुलपं, लोखंडी भांडी करून इमानाने पोट भरणाऱ्या कुटुंबांवर पूर्ण समाजाचा शिक्का मारणं हा उघड अन्याय आहे. हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं कसब आहे आणि ते वापरायला कायदेशीर दार नाही. अमेरिकेतल्या कारागिराला मालिका मिळते, इथल्याला संशय मिळतो. मला याची खरोखर चीड येते.

कट्टा मात्र कुणीही बनवलेला असो, ‘स्वस्तातली बंदूक’ हा त्याच्याबद्दलचा समज जीवघेणा आहे. अधिकृत बंदूक विक्रीला येण्याआधी तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून पाहतात. नळी टिकली तरच तिच्यावर छाप बसतो. कट्ट्याच्या नळीची अशी परीक्षा कुणी घेतलेली नसते. ती फुटते तेव्हा चालवणाऱ्याच्याच हातात आणि तोंडासमोर फुटते.

वाड्यातल्या जुन्या दुनळीलाही हे लागू होतं. लातूर-नांदेड निजामाच्या राज्यात होतं. देशमुखी-पाटीलकीच्या काही घरांत आजोबांची बारा बोअर अजून भिंतीवर असते, आणि पिकात रानडुकरं, रोही शिरली की तिची आठवण होते. वारसाला ती आपोआप मिळत नाही, त्याच्या नावाचा परवाना लागतो. तो मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असंही नाही, वन्यजीव कायदा वेगळा आहे. त्याहून मोठा धोका नळीत आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांचं काडतुसाचं घर बऱ्याचदा अडीच इंचांचं असतं. आजचं सर्रास मिळणारं काडतूस पावणेतीन इंचांचं. उडण्याआधी तोंड दुमडलेलं असल्याने ते आखूड असतं आणि आत बसतं, पण उडताना ते तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, नक्षीदार दिसणाऱ्या दमास्कस नळ्या तर आधुनिक दारूसाठी बनवलेल्याच नव्हत्या. अशी बंदूक परवानाधारक दुरुस्ती-दुकानात दाखवल्याशिवाय काडतूस घालू नये. बँकेच्या दारात दुनळी घेऊन उभ्या असलेल्या माजी सैनिकाला विचारा, तो पहिल्यांदा बंदूक मोडून नळी रिकामी आहे का ते बघेल, मग बोलेल.

ज्याला नेमबाजीची खरी ओढ आहे, त्याने एनसीसीत जावं. नांदेडला 52 महाराष्ट्र आणि लातूरला 53 महाराष्ट्र बटालियन आहे, आणि छात्रांना शिबिरांत .22 रायफल चालवायला शिकवतात. .177 ची, 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. सुरुवात तिनेच करतात. आणि ज्याची ओढ बंदुकीपेक्षा लेथची आहे, त्याने आयटीआयला टर्नर, फिटर किंवा मशिनिस्ट व्हावं. वरणगाव, भंडारा, अंबाझरी इथल्या आयुध निर्माणींत शिकाऊ उमेदवार घेतात. तिथे मायक्रोमीटर हातात येतो, आणि मोजमापात न बसलेला सुटा भाग बाजूला काढायला शिकवतात.