जुन्या जीपचं फाउंडेशन

बालाघाटाच्या रांगा बीड जिल्ह्याला सपाट राहू देत नाहीत. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा अरुंद घाट, पाटोद्याकडचे चढउतार या रस्त्यांवर चाळीस-पन्नास वर्षं राबलेल्या जीपला एक खोड हमखास लागते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की सीटखालून धप्पकन ठोका बसतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पुन्हा एक. पुढे पुढे तर उतारावर गिअरचा दांडा आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येतो. गिअरबॉक्स गेला असं समजून मालक हजारोंच्या खर्चाची तयारी करतो. मुरलेला मिस्त्री मात्र बॉक्स खोलण्याआधी गाडीखाली शिरतो, गिअरबॉक्सच्या बुडाशी पहार टेकवतो आणि हलकेच उचलून बघतो. बॉक्स बोटभर वर उठला तर निदान झालं. गिअरबॉक्स धडधाकट आहे, त्याचं फाउंडेशन बसलंय.

गॅरेजमध्ये ज्याला फाउंडेशन किंवा माउंटिंग म्हणतात तो म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे उष्णतेने चिकटवलेला रबराचा ठोकळा. त्याला पाठीवर घेणारा, चासीच्या दोन्ही बाजूंना बोल्टने धरलेला आडवा तुकडा म्हणजे क्रॉस मेंबर. विलीज या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातल्या जीपमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस हे तिन्ही एकमेकांना जोडलेलं एकच धूड असतं आणि ते तीन ठिकाणी टेकतं: पुढे इंजिनच्या दोन बाजूंना दोन रबरं, मागे गिअरबॉक्सखाली एक. तिसऱ्या जागेचा भार एकट्या क्रॉस मेंबरवर येतो. ट्रान्स्फर केसच्या बाजूला आणखी एक छोटं रबर असतं, ते झोके अडवतं. ही एवढीशी मांडणी जीपमधली सगळ्यात दुर्लक्षित जागा आहे. चिखल, गळकं ऑइल आणि दगडांचा मार या तिन्हींची गाठ नेमकी तिथेच पडते.

इंजिनला रबरावर बसवायची कल्पना तशी जुनी. चार सिलेंडरचं इंजिन स्वभावानेच थरथरतं; पिस्टनच्या हालचालीतून क्रँकच्या एका फेऱ्याला दोनदा असा एक धक्का निघतो, जो चार सिलेंडरच्या साध्या रचनेत आपोआप मिटत नाही. मिनिटाला २००० फेरे असतील तर सेकंदाला सुमारे ६७ वेळा. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने प्लायमाउथ गाडीत इंजिनच्या झुकण्याचा अक्ष हेरून रबराचे आधार बसवले आणि चार सिलेंडरची गाडी महागड्या गाडीइतकी गुळगुळीत चालवून दाखवली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सिट्रोएनने ती पद्धत परवान्यावर घेतली आणि तिच्या जाहिरातीसाठी हंसाचं चिन्ह वापरलं. जीपच्या पोटाखालचा काळा ठोकळा याच विचाराचा वारस आहे.

जीप बीडच्या या मुलखात रुजली त्याला कारण आहे. परळीला रेल्वे होती, पण बीड शहराला आगगाडीसाठी १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. तोवर सगळा भार रस्त्यावर. १९४७ मध्ये महिंद्रने विलीजच्या पहिल्या ७५ जीप सुट्या भागांत आणल्या आणि मुंबईत जोडल्या, पुढे विलीजचं सीजे-३बी मॉडेल इथेच बनू लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच चाललं. आपल्याकडे त्याचा वंश कितीतरी वर्षं पुढे चालला. सीजे-३बीचं उंच बॉनेट ही तिची ओळख, आणि ते उंच आहे कारण आतलं हरिकेन इंजिन उंच आहे. गटविकास अधिकारी, तहसीलदार, बांधकाम खातं यांच्या दारात जीप उभी असायची. सरकारी लिलावात निघालेल्या जीप शेतकऱ्यांकडे आणि प्रवासी वाहतूकदारांकडे गेल्या. पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी त्यात डिझेल इंजिनं बसवून घेतली. १९८५ च्या एमएम ५४० मध्ये तर कंपनीनेच प्यूजोच्या परवान्यावरचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन दिलं. पण पेट्रोलसाठी घडवलेल्या जुन्या क्रॉस मेंबरवर जेव्हा डिझेल आलं, तेव्हा रबरावर येणारे धक्के जड झाले. आज जुन्या जीपखाली दिसणारे निम्मे जुगाड या बदलातून जन्मलेले आहेत, असं माझं मत आहे.

फाउंडेशन आणि क्रॉस मेंबर बदलण्याचं काम ऐकायला सोपं वाटतं: बॉक्सला आधार द्या, जुनं काढा, नवं बसवा. त्यातल्या धोक्याची जागा आधी सांगायला हवी. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टच्या मुळाशी असतो. कामासाठी मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडीला काहीच धरून ठेवत नाही. म्हणून सपाट जागा आणि चारही चाकांना दगड किंवा लाकडी उटी हे पहिलं काम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपणं हा तर थेट जिवाशी खेळ. चासीखाली भक्कम स्टँड हवेतच.

बोल्टांना आदल्या संध्याकाळी डिझेल किंवा गंज सोडवणारं ऑइल पाजून ठेवावं. दुसऱ्या दिवशी जाड फळी मधे घालून जॅक गिअरबॉक्सखाली लावायचा. ऑइलच्या सांपखाली लावला तर पत्रा दबतो. जॅकने फक्त वजन पेलायचं, बॉक्स वर ढकलायचा नाही. मग माउंटिंगचे नट, बाजूच्या छोट्या रबराचे नट, क्लचच्या जोडण्या आणि असेल तर खालचा संरक्षक पत्रा सोडायचा. काही जुन्या जीपमध्ये इंजिन पुढे सरकू नये म्हणून क्रॉस मेंबरपासून इंजिनपर्यंत एक ताणाची तार असते. ती अनेक गाड्यांतून कधीच गहाळ झालेली असते. असेल तर जपून ठेवावी. शेवटी चासीचे बोल्ट. मागचं टोक खाली उतरतं तेव्हा पुढे पंखा रेडिएटरला लागू शकतो आणि पाण्याचे पाइप ताणले जातात, म्हणून खाली झोपलेल्याइतकाच बॉनेटपाशी उभा असलेला माणूस गरजेचा.

क्रॉस मेंबर हातात आला की तो पुसून उजेडात बघायचा. बोल्टाची भोकं लांबट झालीत का, कोपऱ्यातून केसाएवढी चीर निघालीय का, जुन्या वेल्डिंगची ढेकळं आहेत का. चासीच्या बाजूची भोकंही तशीच तपासायची, कारण लांबट भोकात नवा बोल्ट कितीही आवळला तरी तो महिन्याभरात सैल पडणार. चासी वाकली असेल तर नवा क्रॉस मेंबर भोकांशी जुळत नाही. अशा वेळी काही जण तो घणाने ठोकून बसवतात. ते चूक आहे. आधी चासीचे कर्ण मोजावेत आणि फरक असेल तर दुरुस्ती तिथे करावी.

माझ्या मते सगळ्यात मोठं पाप म्हणजे मूळ तुकडा मिळत नाही म्हणून सी-चॅनेलचा तुकडा कापून थेट चासीला वेल्ड करणं. मूळ रचना बोल्टची आहे, कारण क्लच प्लेटसाठी बॉक्स उतरवताना हा आडवा तुकडा निघावाच लागतो. वेल्ड केलेल्या गाडीत पुढच्या वेळी कटर चालतो, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा, आणि चासी तिथे कायमची कच्ची होते. चॅनेलपासून बनवायचाच असेल तर बोल्टचा बनवावा आणि उंची मूळ तुकड्याइतकीच ठेवावी. उंचीचा हट्ट यासाठी की सीजे-३बीची चाकांमधली लांबी अवघी ८० इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट अर्ध्या मीटरच्या आसपास. एवढ्या आखूड शाफ्टच्या एका टोकाला एक सेंटीमीटर फरक पडला की कोन एका अंशाहून जास्त बदलतो. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) तिरप्या कोनात फिरताना वेग एका फेऱ्यात दोनदा कमीजास्त करतात. दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच हा चढउतार एकमेकांत मिटतो. नाहीतर नव्या फाउंडेशनवरही गाडी ठरावीक वेगाला घुमते, आणि दोष बिचाऱ्या रबराला जातो.

रबराचंही ऐकावं. गिअरबॉक्सचं किंवा ट्रान्स्फर केसचं ऑइल सील गळत असेल, तर नवं रबर बसवणं म्हणजे पैसे चिखलात टाकणं. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं, मऊ पडतं आणि पट्टीपासून सुटतं. आधी सील, मग माउंटिंग. बाजारात कडक पॉलियुरेथेनचेही ठोकळे मिळतात. ते तेलाला दाद देत नाहीत, पण डिझेलची थरथर सरळ चासीत आणि तिथून मणक्यात पोचवतात. रोज घाट चढणाऱ्याने मऊ रबरच घ्यावं.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावायचे. मग जॅक हळूहळू सोडून वजन रबरावर बसू द्यायचं, गाडी दोन्ही बाजूंना हलवायची आणि त्यानंतरच पाना लावून आवळायचं. जॅकवर असतानाच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. बोल्ट ८.८ दर्जाचे, नवे, स्प्रिंग वॉशरसह. त्यानंतर क्लच पेडलची मोकळी चाल पुन्हा जमवायची, कारण बॉक्सची जागा बदलली की तीही बदलते.

हौसेने जीप जपणाऱ्यांसाठी एक कायद्याची बाजूही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही. बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ च्या हद्दीत कुणाच्या वाड्यात अशी जीप उभी असेल, तर चासीला वेल्डिंगची काडी लावण्याआधी त्याने हा नियम वाचावा. बोल्टने बसलेला मूळ नमुन्याचा क्रॉस मेंबर गाडीचं मूळ रूप राखतो. कापलेली चासी पुन्हा अखंड होत नाही.

काम झाल्यावर गाडी लगेच लांबच्या प्रवासाला काढू नये. आधी गावात दोन फेऱ्या, मग एखादा चढ आणि परत येऊन सगळे नट पुन्हा तपासायचे. नवं रबर पहिल्या काही दिवसांत थोडं दबतंच, त्याबरोबर नटही थोडे ढिले होतात. पाचेकशे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाना लावला की पुढचं काम फक्त सील गळत नाहीत ना, हे अधूनमधून बघण्याचं.