पेव राहिले, फुटणेही राहिले?

‘क्लासेसचे पेव फुटले’, ‘पतसंस्थांचे पेव फुटले’ असे आपण सहज लिहून जातो. पण पेव म्हणजे काय, हे एखाद्या शहरी पदवीधराला विचारून पाहा. त्याला फुटणे ठाऊक असते, पेव नसते.

पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र रांजणासारखे फुगलेले. कडेने कडबा लावून ज्वारी भरायची, तोंडावर चीप ठेवून माती लिंपायची. हवा कोंडली की कीडही जगत नाही. कणगी पडवीत, बळद घरात आणि पेव भुईच्या पोटात, अशी ही वाटणी होती. सांगलीजवळ हरिपूरला तर पेवांत हळद साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांतली बहुतेक पेवे निकामी झाली.

पेव दुष्काळासाठी राखलेले असे. म्हणजे हा शब्द मुळात संयमाचा. बेसुमार वाढीला आपण तोच चिकटवला, हा भाषेचा विनोदच म्हणायचा.

बँकेत असताना तारण माल पाहण्यासाठी मी खेडोपाडी हिंडलो. गोदामातली पोती मोजता येत. पेवातला माल मालकाच्या शब्दावर मोजावा लागे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तेव्हा बजावले होते, “सायेब, पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. आधी कंदील सोडायचा. त्यो इझला, तर मानूसबी इझतो.” कोंडलेले धान्यही श्वास घेते; आतला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. शाळा न पाहिलेल्या माणसाला हे नेमके ठाऊक होते.

आता पेवे गेली, पण जमिनीखालची बंद पोटे गेली नाहीत. शहरांतल्या भुयारी गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत आजही माणसे उतरवली जातात. सुरक्षा साधनांशिवाय असे उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबत नाहीत. तिथे कंदील चालणार नाही, वायू मोजणारे यंत्र हवे. आणि मुख्य म्हणजे यंत्रानेच सफाई हवी.

शब्द विस्मरणात गेला, याचे दुःख मी करीत बसणार नाही. त्याच्यासोबत उतरण्याआधी थांबण्याची रीत गेली, ती मात्र परत आणायला हवी.